हाड आणि हाड्!

मराठीने कुत्र्याची मोठी पंचाईत करून ठेवली आहे. त्याला सगळ्यात आवडणारी वस्तू आणि सगळ्यात नावडणारा शब्द, दोन्हींना तिने एकच नाव दिलं. हाड. ताटातून खाली पडलं तर बक्षीस, माणसाच्या तोंडून पडलं तर शिक्षा. फरक काय तो एका उद्गारचिन्हाचा.

वाशीमच्या कुत्र्यांनी हा घोळ आपापल्या पातळीवर केव्हाच निस्तरला आहे. पुसद नाक्यावर सकाळी सातला चहाच्या कुठल्याही टपरीसमोर उभं राहून पाहावं. बाकड्याखाली एक तांबडं कुत्रं पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडलेलं असतं. टपरीवाला दर पाच मिनिटांनी ओलं फडकं झटकतो आणि ओरडतो, "हाड बे! ऊठ ना तिथून!" कुत्र्याचा एक कान हलतो. तोही माशीमुळे. बाकड्यावर बसलेल्या सात-आठ जणांपैकी कुणाचं तरी बिस्कीट चहात अंमळ जास्त वेळ बुडणार, मऊ पडून तुटणार आणि उरलेला तुकडा खाली येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कोणाचं आणि केव्हा, एवढंच ठाऊक नसतं. हे न ठाऊक असणंच त्याला तिथे खिळवून ठेवतं.

अमेरिकेतल्या बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं पेटीत घालून हीच गोष्ट वर्षानुवर्षं तपासली. १९३८ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. पेटीतली कळ दाबल्यावर दर वेळी न चुकता खाऊ मिळत असेल, तर खाऊ बंद झाल्यावर प्राणी लवकर नाद सोडतो. कधी मिळतो, कधी मिळत नाही, असा बेभरवशाचा प्रकार असेल तर तो कळ दाबतच राहतो. मटक्याचा आकडा लावणारा माणूस रोज हरून रोज का येतो, याचं उत्तरही त्याच पेटीत सापडतं. टपरीवाल्याचं फडकं मात्र दर पाच मिनिटांनी हलतं आणि कधीच लागत नाही. त्याचा परिणाम भिंतीवरच्या घड्याळाइतकाच.

या शास्त्राची सुरुवातही लाळेपासून झाली. रशियाच्या इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. पाचकरस मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं, की अन्न समोर यायच्या आधीच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मग त्यांनी मेट्रोनोमची टकटक, बझर असे आवाज जोडून प्रयोग केले. आपल्याकडे एवढा खर्च कोणी केला नसता. पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज कोपऱ्यावरच्या कुत्र्याला आतल्या खोलीतून ऐकू जातो, आणि हाक मारून न येणारं ते जनावर तीन सेकंदांत उंबऱ्यावर हजर होतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना खोक्यात कोंडून दुसरा नियम काढला. ज्या कृतीचा शेवट गोड होतो ती पुन्हा होते, ज्या कृतीचा शेवट कडू होतो ती मागे पडते. वाचायला हे इतकं सोपं वाटतं, की प्रत्येक घराला आपल्याला ते येतंच असं वाटतं.

वाशीमला तर तसं वाटण्याचा ऐतिहासिक अधिकार आहे. वाकाटकांची एक शाखा इथूनच, म्हणजे त्या वेळच्या वत्सगुल्मातून, राज्य करत होती. राज्य म्हटलं की साम, दाम, दंड, भेद आलेच. स्किनर यांचा हिशोबही चारच घरांचा आहे. कुत्रा खाली बसला, पोळीचा तुकडा दिला. हवी ती गोष्ट मिळाली, बसणं वाढलं. पाहुण्याच्या अंगावर उडी मारली, पाठीत धपाटा बसला. नको ती गोष्ट मिळाली, उडी कमी झाली. पाहुण्याने उडी पडताच पाठ फिरवली. हवी ती गोष्ट गेली, उडी कमी झाली. ताणलेली साखळी जवळ येताच ढिली सोडली. नको ती गोष्ट गेली, जवळ येणं वाढलं. दोन बेरजा, दोन वजाबाक्या. चांगलं-वाईट हा भाग त्यात कुठेच नाही, नुसतं गणित आहे. दाम आणि दंड या हिशोबात बसतात, साम कसाबसा बसवता येतो. भेद हा उपाय मात्र घरात फक्त कुत्रा वापरतो.

तो कसा, हे रात्रीच्या जेवणाला कळतं.

गावाच्या नव्या वस्तीतलं कुठलंही घर घ्यावं. लॅब्राडोरचं पिल्लू आणलेलं असतं आणि त्याला शिक्षक असतात पाच. आजोबा म्हणतात "बस". वडील म्हणतात "बैठ". इंग्रजी शाळेतला नातू म्हणतो "सिट". आई म्हणते, "अरे बस की एका जागी, किती वेळा सांगायचं!" एकाच कृतीला चार शब्द, त्यातला एक तर आख्खं वाक्य. कुत्रा चौघांकडे आळीपाळीने पाहतो आणि उभाच राहतो. आजी काहीच म्हणत नाही. तिच्या हातात पोळी असते. तो जाऊन आजीसमोर बसतो.

महिनाभराने घरात ठराव होतो, की ताटावर बसलेलं असताना कुत्र्याला कोणी काही द्यायचं नाही. पहिल्या दिवशी तो नुसता बघत बसतो. दुसऱ्या दिवशी नाकातून बारीक सूर काढतो. तिसऱ्या दिवशी मांडीवर पंजा ठेवतो आणि भुंकतो. सगळे म्हणतात, बघा, बिघडला. खरं तर काम होत आलेलं असतं. मिळणारा खाऊ बंद झाला की सवय विझण्याआधी एकदा भडकते. पेटीतला उंदीरही खाऊ थांबल्यावर आधी कळ जास्त जोरात आणि जास्त वेळा दाबतो. चिमणीतलं तेल संपताना ज्योत मोठी होते, तसाच हा प्रकार. आणखी आठवडाभर कळ काढली असती तर विषय मिटला असता. पण चौथ्या दिवशी आजीला राहवत नाही. "लेकराचे डोये पाहा, पानी आलं त्यायच्यात. दे ना त्याले घासभर!" घास जातो. त्या एका घासाने कुत्रा नवा धडा शिकतो, एक दिवस भुंकून भागत नाही, चार दिवस भुंकावं लागतं. सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला हे तत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

काही धडे तर कोणी देतच नाही, ते कुत्रा स्वतः घेतो. हिंगोली रोडने एसटी निघाली, की दोन-तीन कुत्री जिवाच्या आकांताने भुंकत तिच्यामागे धावतात. एसटी पुढे निघून जाते. ती तशीही जाणारच होती, पण कुत्र्याच्या वहीत ही नोंद वेगळी होते. आपण भुंकलो, ती पळाली. आजवर एकही एसटी थांबून भिडली नाही, म्हणजे विजयाचं प्रमाण शंभर टक्के. वीज मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस, कुरिअरवाला, रात्री मोटारसायकलवरून परतणारे वऱ्हाडी, सगळे याच यादीत. नकोशी गोष्ट दूर गेली की वागणं वाढतं, हे ते चौथं घर. या कुत्र्याला दगड मारून सवय सुटत नाही, कारण त्याचा पगार त्याला आधीच पोहोचलेला असतो.

हेच घर शेतात गेलं की उपयोगी पडतं. वाशीम म्हणजे सोयाबीन आणि तूर, आणि सोयाबीन-तूर म्हणजे रात्रीची रोही आणि रानडुकरं. जागलीला गेलेला शेतकरी बॅटरी उशाला घेऊन बाजेवर पडतो, कुत्रं धुऱ्यावर. रोह्यांचा कळप शिरला की कुत्रं भुंकत सुटतं, कळप पळतो, सकाळी भाकरी मिळते. या कुत्र्याला कोणत्याही शाळेत घातलेलं नसतं. रोही पळाल्याचं बक्षीस त्याच क्षणी, भाकरीचं बक्षीस नंतर. आणि धुऱ्यावरून त्याला कोणी हाड्ही म्हणत नाही. कामाचा मोबदला आणि कामाची वेळ इतकी नीट जुळलेली जागा गावात दुसरी सापडणार नाही.

कारण वेळ हाच या शास्त्राचा प्राण आहे, आणि घरांचं नेमकं तिथेच चुकतं. चप्पल दुपारी दोनला फाडली जाते, वडील कामावरून साडेसहाला येतात. तोवर गुन्हेगार चार वेळा झोपून उठलेला असतो. वडील फाटकी चप्पल नाचवत ओरडतात. कुत्रा मान खाली घालतो, कान पाडतो, डोळे चोरतो, शेपूट पायांत घालतो. "पाहा, त्याला कळतंय आपण काय केलं ते!" असा निकाल लागतो आणि घरभर समाधान पसरतं.

न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये हा निकाल तपासून पाहिला. १४ कुत्री घेतली. समोर खाऊ ठेवून मालकाने "खायचं नाही" असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला सांगायचं, पण ते दर वेळी खरं असेलच असं नाही. त्यातून दिसलं, की अपराधी चेहऱ्याचा अपराधाशी संबंध नाही, ओरडण्याशी आहे. ज्या कुत्र्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे उलट जास्तच अपराधी होते. वर्गात खडू कोणी फेकला हे गुरुजींनी विचारल्यावर सगळ्यात घाबरा चेहरा नेहमी पहिल्या बाकावरच्या सज्जन मुलाचा असायचा, हे आठवणाऱ्यांना या संशोधनाचं नवल वाटणार नाही.

त्याहून मोठी चूक हाक मारण्यात होते. कुत्रा गेटमधून निसटतो, तासभर गाव फिरतो. मालक गळा काढून हाका मारतो. शेवटी कुत्रा येतो, आणि येताच दोन फटके खातो. मालकाच्या मते ते पळाल्याचे. कुत्र्याच्या हिशोबात शेवटची कृती पळणं नाही, येणं आहे. पुढच्या वेळी तो पंधरा फुटांवर थांबतो आणि शेपूट हलवत विचारात पडतो. मालक शेजाऱ्याला सांगतो, "कितीही करा, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." बिचाऱ्या शेपटाचा यात काही दोष नसतो.

याच चुकीची एक जुनी कथा बंजाऱ्यांशी जोडून सांगितली जाते. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थ, त्यामुळे वाशीम जिल्ह्याला ही कथा परकी नाही. पैशांची अडचण आली म्हणून एका बंजाऱ्याने आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली. कुत्र्याने चोरांनी माल लपवलेली जागा दाखवली. सावकार इतका खूश झाला, की कर्ज फिटलं अशी चिठ्ठी लिहून त्याने कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिलं. कुत्रा धन्याकडे धावत आला. धन्याला वाटलं, हा गहाणातून पळाला, आपला शब्द खोटा पडला. त्याने काठी घातली. चिठ्ठी नंतर वाचली. छत्तीसगडमधल्या बालोद जिल्ह्यात खपरी गावी त्या कुत्र्याच्या नावाने कुकुरदेव मंदिर आहे, लोक आजही तिथे हात जोडतात. येणाऱ्या कुत्र्याला मारू नये, हा श्वानशिक्षणाचा पहिला पाठ तिथे दगडात उभा आहे.

दंडाचा मार्ग जुना आणि चांगलाच संघटित आहे. जर्मनीच्या कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये पोलीस कुत्र्यांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात बक्षीस होतं, पण गळ्याला हिसका आणि छडीही भरपूर होती. ही पद्धत पुढे जगभर चालली. तिला मोठा धक्का दिला तो डॉल्फिनने. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही आणि ओरडलं तर तो सरळ तळ्याच्या पलीकडे निघून जातो. १९६० च्या दशकात हवाई बेटांवर डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांच्या हाती म्हणून दोनच साधनं उरली, शिट्टी आणि मासा. हवी ती उडी मारली की त्याच क्षणी शिट्टी, मागोमाग मासा. १९८४ च्या त्यांच्या पुस्तकाने हीच रीत कुत्र्यांपर्यंत पोहोचवली; शिट्टीच्या जागी टक् करणारं छोटं यंत्र आलं. ज्याला ते यंत्र विकत घ्यायचं नसेल, त्याचं काम बॉलपेनच्या खटक्यावर भागतं.

यावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो. खाऊ देऊन शिकवलं तर कुत्रा लाचखाऊ होतो. खरं काम धाकानेच होतं. त्यांनी मुंबई पोलिसांच्या झंजीरकडे पाहावं. १९७३ च्या सिनेमावरून नाव पडलेला हा लॅब्राडोर पुण्यात शिकला. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतरच्या शोधमोहिमेत ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. १६ नोव्हेंबर २००० ला तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. वास घेणारी कुत्री साधारण खेळावर तयार होतात. वास सापडला की शांत बसायचं, बसलं की चेंडू मिळतो. जिथे एक चुकीचा पंजा पडला की आख्खी इमारत गेली, तिथे भेदरलेला कुत्रा कोणालाच परवडत नाही. नाव झंजीर, म्हणजे साखळी, जीव चेंडूत.

भेदरलेला कुत्रा जगाकडे कसा पाहतो, हे २०२० मध्ये पोर्तुगालच्या संशोधकांनी ७ प्रशिक्षण शाळांतली ९२ कुत्री घेऊन मोजलं. धाकाने शिकवलेली कुत्री शिकवणीच्या वेळी जास्त धापा टाकत, जिभल्या चाटत, जांभया देत. त्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरकही वाढलेलं सापडलं. मग वाट्यांचा खेळ मांडला. एका बाजूच्या वाटीत नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूची नेहमी रिकामी. हे पक्कं झाल्यावर वाटी मध्येच कुठेतरी ठेवली. खाऊवर शिकलेली कुत्री तिच्याकडे आशेने धावली. सर्वाधिक धाकात शिकलेली रेंगाळत गेली, काही मिळणार नाही हे धरूनच. सोयाबीनचं पोतं घेऊन बाजार समितीच्या आवारात शिरणारा शेतकरी बरोबर याच चालीने चालतो.

मारण्याबद्दल कायदाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्राण्याला मारहाण करणं गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, कमाल ५० रुपये. हा आकडा कित्येक दशकं जागचा हललेला नाही. शिक्षा इतकी किरकोळ असली की तिचा वागण्यावर परिणाम होत नाही, हे टपरीवाल्याच्या फडक्याने रोज सकाळी सिद्ध होतं. संसदेला त्यासाठी पुसद नाक्यापर्यंत यावं लागेल.

नुसतं बक्षीसही आंधळेपणाने वाटून भागत नाही. कुत्र्याने पोळी पळवली, आणि ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. भक्तीच्या दृष्टीने ती अजोड आहे. श्वानशिक्षणाच्या दृष्टीने पाहिलं तर पळवलेल्या पोळीवर तूप मिळाल्याने ते कुत्रं दुसऱ्या दिवशी वाटीची वाट पाहत दारात बसलं असणार. संतांना त्याने फरक पडत नव्हता. दोन खोल्यांच्या घरात पडतो. जिल्ह्यातल्याच कारंज्याला, दत्तावतारी नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावी, दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी मोकळी उभी दिसतात. गळ्यात पट्टा नाही, हाती काठी नाही, बिस्किटाचा पुडाही नाही. त्या पातळीला पोहोचेपर्यंत सामान्य घराला पुडा ठेवावाच लागेल.

तेव्हा ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी आज जेवणाआधी सगळ्यांनी एकत्र बसावं आणि "बस", "बैठ", "सिट" यांपैकी एकच शब्द ठरवावा. खाऊ चांगलं वागल्याच्या क्षणी द्यावा, साडेसहाला नाही. उडी मारली तर पाठ फिरवावी. हाकेला आलेल्या कुत्र्याला, तो कितीही उशिरा आला तरी, कुरवाळावं. आणि या बैठकीला आजीला आधी बोलवावं, कारण पोळ्यांचा डबा तिच्याच ताब्यात असतो.